उपयोजित कला शिकताना पेंटिंगची ओढ लागली, तर?

प्रश्न विचारणाऱ्या मुलाने स्वतःबद्दल मोकळेपणाने लिहिलं आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वय १९, मूळचा बार्शीचा, वडिलांचं तिथे किराणा दुकान, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. फाउंडेशन म्हणजे पायाभूत वर्ष झालं, आता उपयोजित कलेच्या (जाहिरात, लोगो, अक्षरं अशा व्यावसायिक चित्रकामाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. जुलैमध्ये वर्गासोबत मंडईत लँडस्केप करायला गेला. पाऊस, चिखल, गर्दी, आणि त्यात तीन तास कसे गेले ते कळलंच नाही. स्वतःचं चित्र स्वतःला पहिल्यांदा आवडलं. तेव्हापासून लोगो आणि लेटरिंगमध्ये मन लागत नाही. पेंटिंगला बदली घ्यावी असं वाटतं. वडील म्हणतात, कमर्शियल सोडू नकोस. मित्र म्हणतात, हे खूळ दिवाळीपर्यंत उतरेल. त्यानंतर ऑक्टोबरात शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, सारसबाग, पर्वती असं बरंच काढून पाहिलं, पण एकही चित्र त्या चित्रासारखं आलं नाही, म्हणून आता स्वतःलाच शंका येते. ड्रॉइंग वर्गात मध्यम आहे. १९ व्या वर्षी हे सुचणं म्हणजे उशीर झाला का? आणि शेवटी, जलरंग घ्यावेत की तैलरंग?

तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहेस, म्हणून अरेतुरेच करते.

तू विचारलंस शाखा बदलण्याबद्दल, पण तुझ्या मजकुरातली धास्ती वेगळी आहे. एका दुपारी जे झालं ते पुन्हा होत नाही, म्हणजे ते खरं नव्हतंच की काय, ही ती धास्ती. आधी तिच्याकडे बघू. शाखेचा निर्णय बऱ्याच अंशी परिस्थितीवर ठरतो: तुझ्या महाविद्यालयाचे आणि विद्यापीठाचे बदलीचे नियम काय, पेंटिंगला जागा आहे का, वर्ष वाया जाणार का, घरून आणखी किती वर्षं खर्च झेपेल, मागे भावंडं शिकायची आहेत का. हे सगळं कार्यालयात आणि घरी विचारून घेण्यासारखं आहे, आणि ते लवकर विचार, कारण अशा अर्जांना मुदत असते. चित्राचा प्रश्न मात्र त्यासाठी थांबत नाही.

तुझ्या लिहिण्यातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू लिहिलंस की, भाज्यांचे ढीग काढायला बसलो होतो, पण ढिगांच्या मधला काळोखच आधी दिसायला लागला आणि तोच आधी रंगवला. बाकी सगळं पत्र बाजूला ठेवलं तरी या एका वाक्यासाठी मी तुला उत्तर लिहिलं असतं. भाजी घ्यायला आलेला माणूस वांगी बघतो, टोमॅटो बघतो, ताजं-शिळं बघतो, भाव ऐकतो. त्याच्या डोळ्यांसमोरही उजेडाचे आणि काळोखाचे आकारच असतात, पण मन त्यांना तत्काळ नाव देऊन टाकतं, आणि नाव देऊन झालं की बघणं थांबतं. नवशिक्याच्या चित्रात टोमॅटो टोमॅटोसारखा लाल, छत्री छत्रीसारखी काळी आणि माणसाचा चेहरा चेहऱ्याच्या रंगाचा असतो, मग ते सगळं कुठल्याही उजेडात असो. त्या दुपारी तुझं नाव देणं काही वेळ थांबलं. ढीग आणि ढिगामागची बाई आणि वरचं छप्पर हे एकाच काळोखाला जोडलेले तुला दिसले. हे शिकवून येतं, पण फार हळू येतं, आणि काहींना ते वर्षानुवर्षं येत नाही. तुला ते कोणी न सांगता दिसलं आणि दिसल्यावर आनंद झाला. तो आनंद खरा होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता त्या दिवसाचाही वाटा बघू, म्हणजे पुढची चित्रं का फसली ते कळेल. पावसाळी ढगाळ दिवशी सगळं आकाश हाच एक मोठा दिवा असतो. उजेड चहूकडून मऊ येतो, सावल्यांना कड नसते, रंग आपोआप एकमेकांच्या जवळ येतात. ओली फरशी वरचा उजेड खाली परत देते, त्यामुळे जमिनीवर उजळ पट्टे मिळतात. दगडी मंडईच्या आत दाट काळोख आणि बाजूने आत येणारा पांढुरका उजेड, म्हणजे चित्राची मांडणी जवळजवळ तयारच होती: एक मोठा गडद आकार आणि त्यात थोड्या उजळ जागा. शिवाय कागद लवकर वाळत नव्हता, म्हणून वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचे थर, एकमेकांत मिसळले आणि कडा सैल राहिल्या. दिवसाने तुला अर्धी मदत केली. पण त्या दिवशी तुझ्यासोबत अख्खा वर्ग तिथे बसला होता आणि ती मदत सगळ्यांना मिळालेली नाही. ती घेण्याइतकं लक्ष लागतं, ते तुझं लागलं होतं.

ऑक्टोबरात तू शनिवारवाड्यासमोर बसलास तेव्हा हे सगळं उलटं झालं. पावसाने धुतलेली हवा, कडक ऊन, प्रत्येक दगड स्पष्ट, प्रत्येक खिळा स्पष्ट. भर दुपारी सूर्य डोक्याच्या जवळ असतो, सावल्या पायाखाली गोळा होतात आणि मोठा गडद आकार उरतच नाही. अशा वेळी सगळंच सारखं महत्त्वाचं वाटायला लागतं आणि माणूस सगळंच काढत बसतो. त्यात तू लिहिलं आहेस की मंडईचं चित्र सोबत न्यायचास, पॅडच्या कोपऱ्यात लावून ठेवायचास. म्हणजे समोर दिल्ली दरवाजा आणि डोळे जुलैच्या मंडईकडे. ते चित्र आता वर्षभर कपाटात ठेव. ते चांगलं आहे, म्हणूनच ठेव.

माझ्या बाबतीत हे फाउंडेशनच्या वर्गात, स्टिल लाइफच्या, म्हणजे वस्तू मांडून चित्र काढण्याच्या, तासाला झालं. सरांनी पांढऱ्या चादरीवर तांब्याचं घंगाळ ठेवलं होतं. एका बाजूने पिवळा बल्ब, दुसऱ्या बाजूला खिडकी. चादरीवरच्या सावलीसाठी आम्ही सगळ्यांनी काळा आणि पांढरा मिसळून राखाडी केला. सरांनी काही न बोलता राखाडी कागदाचा एक तुकडा त्या सावलीच्या शेजारी धरला, आणि सावली निळी झाली. निळसर नव्हे, निळी. बल्बचा पिवळा उजेड जिथे पोचत नव्हता तिथे खिडकीतून आलेला आकाशाचा उजेड भरून राहिला होता. कारण इतकं साधं आहे आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सापडेल. पण मला ते समजण्याआधी दिसलं. घरी जाताना लक्ष्मी रस्त्यावर दुकानांचे दिवे लागले होते आणि प्रत्येक पांढऱ्या शर्टाच्या घडीत मी रंग शोधत होते. जवळपास चाळीस वर्षं झाली, अजून शोधते.

मी हे सांगते आहे कारण ओढ खरी आहे का, हे ओळखायची माझी खूण इथे आहे. वर्गात मी हात बघते, नाही असं नाही. रेषेची पकड ज्याची त्याची वेगळी असते आणि ती दिसते. पण शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना ए ग्रेड घेऊन आलेली, सफाईदार हाताची कितीतरी मुलं दुसऱ्या वर्षापर्यंत चित्र काढायची थांबलेली मी पाहिली आहेत. त्यांना शाबासकीची सवय झालेली असते, आणि कॉलेजात ती रोज मिळत नाही. टिकतात ती मुलं, ज्यांना चित्र फसलं तरी समोरच्या गोष्टीचं कुतूहल उरतं. चित्र बिघडलं म्हणून वाईट वाटतंच, सगळ्यांना वाटतं. पण त्याच्या मागोमाग 'ती भिंत नेमकी कुठल्या रंगाची होती?' हा प्रश्न डोक्यात येतो का? बसमध्ये उभं असताना पुढच्या माणसाच्या कानातून उन्हाचा लाल रंग आरपार येतो, तो दिसतो का? त्याच जागी परत जावंसं वाटतं का? तुला शंका आली, तरी तू दिवाळीच्या सुट्टीत घरी न जाता चार दिवस नदीपात्रात जाऊन बसलास असं लिहिलं आहेस. मित्रांनी दिलेली मुदत उलटून गेली की रे.

चित्रकार व्हावंसं वाटणं हीही एक ओढ असते. प्रदर्शन, झब्बा, कॅनव्हाससमोर उभा राहिलेला स्वतःचा फोटो. १९ व्या वर्षी ती असणारच आणि तिच्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त ती एकटीच असेल तर पहिल्या कोरड्या वर्षात संपते. तुझ्या पत्रात तिचा उल्लेख नाही, काळोखाचा आहे.

आता काय करायचं ते सांगते. हे मी माझ्या वर्गातल्या मुलांकडून करून घेते, आणि शाखा कुठलीही असली तरी करता येतं.

एक जागा ठरव. नवीन शोधू नकोस, मंडईच घे, तुझ्या राहत्या जागेपासून चालत जाता येते. एकच कोपरा, एकच गाळा. सकाळच्या खरेदीच्या वेळी जाऊ नकोस, विक्रेत्यांचा तो कामाचा वेळ आहे. दुपारनंतर जा, गाळ्यावरच्या मावशींना विचारून बस, वाटेत पॅड पसरू नकोस. आठवड्यातून दोनदा गेलास तरी पुरे. पहिले काही आठवडे रंग नेऊच नकोस. पोस्टकार्डाएवढा कागद, एक मऊ पेन्सिल, आणि फक्त तीन टोन: उजळ, मधला, गडद. डोळे किलकिले करून बघ, म्हणजे बारीकसारीक तपशील विरघळतात आणि मोठे आकार उरतात. कशाचाही बाह्याकार काढू नकोस. गडद आकार कुठून कुठे जोडला आहे तेवढंच मांड. बाईच्या साडीचा गडद भाग मागच्या काळोखात मिसळत असेल तर मिसळू दे, साडीची कड ओढून वेगळी करू नकोस. वीस मिनिटांत एक संपव. मागे तारीख, वेळ आणि हवा लिही: ऊन, ढग, पाऊस.

मग रंग. चारच ट्यूब घे: अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि एक क्रिमसन (गडद लाल). जुन्या पद्धतीचा अ‍ॅलिझरिन क्रिमसन उजेडात फिका पडत जातो, म्हणून ट्यूबवर 'परमनंट' असलेला बघून घे. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कमी-जास्त मिसळून निळ्या राखाडीपासून तपकिरी राखाडीपर्यंत सगळे करडे मिळतात, आणि दाट घेतले तर काळ्याहून जिवंत काळोख मिळतो. काळी ट्यूब डब्यात ठेवूच नकोस. कोथिंबिरीचा हिरवा या चारांतून झगझगीत येणार नाही, मळकट येईल. येऊ दे. मंडईच्या आत तो तसाच असतो.

पैसे कुठे घालायचे हे विचारलं नाहीस, पण सांगते: कागदावर घाल. रंग विद्यार्थी दर्जाचे चालतात, कागद हलका चालत नाही. कार्ट्रिज म्हणजे साध्या ड्रॉइंगच्या कागदावर दोन वॉश दिले की तो फुगतो आणि पाणी खळग्यात साचतं. मुलांना वाटतं हात वाईट आहे. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद घे, इंपिरियल शीट म्हणजे २२ बाय ३० इंच, तिचे चार किंवा आठ तुकडे कर. अप्पा बळवंत चौकात मिळतो. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतही चक्कर मार. हातकागदाचा प्रत्येक प्रकार पाणी वेगळं पितो, ते हाताने करून बघण्यात मजा आहे.

हे जूनपर्यंत चालू ठेवलंस तर तुझ्याकडे एकाच कोपऱ्याची एक थप्पी होईल, आणि तिच्यात पुण्याचे जवळजवळ सगळे ऋतू असतील. डिसेंबर-जानेवारीत सकाळी हवेत धुकं आणि धूर असतो, लांबचं सगळं फिकं आणि निळं होतं; पर्वतीवर चढलास तर ऑक्टोबरात जवळ वाटणारा सिंहगड तेव्हा जेमतेम एक वॉश उरतो. मार्च-एप्रिलला ऊन सगळ्याचा रंग खाऊन टाकतं आणि बाहेरचा उजेड आतल्या काळोखाला अजून काळा करतो. वॉशचंही तसंच. पावसाळ्यात तो थांबता थांबत नाही, एप्रिलमध्ये ब्रश उचलायच्या आत त्याला कडक कड येते. एकच जागा असल्यामुळे काय बदललं ते तुला कळेल. रोज नवी जागा घेणाऱ्याला चित्र चांगलं आलं तर ते का आलं हे कधीच कळत नाही. त्याला फक्त चांगले आणि वाईट दिवस असतात.

इथवरचं थोडक्यात म्हणजे: त्या दुपारी झालेला आनंद खरा होता, नंतरची चित्रं फसली कारण उजेड बदलला आणि तू जुन्या चित्राकडे बघत राहिलास, आता एक जागा धरून, आधी टोन आणि मग चार रंग, असं जूनपर्यंत चालव.

मग येते शाखा.

लेटरिंगचा तुला कंटाळा आला आहे. पण त्या तासाला तू काय शिकतोस ते आठव. 'क' आणि 'म' शेजारी ठेवले की दोघांमधली जागा बघायची, अक्षराच्या पोटातली पोकळी बघायची, दोन शब्दांमधलं अंतर मोजपट्टीने न मोजता डोळ्याने सारखं करायचं. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं पाहा. शाईइतकंच काम तिथे कोऱ्या जागेने केलं आहे. मंडईत ढिगांच्या आधी तुला ढिगांमधला काळोख दिसला, तो वर्षभर अक्षरांमधली जागा बघून तयार झालेल्या डोळ्याला दिसला असेल, असं मला मनापासून वाटतं. म्हणून लेटरिंग नको म्हणून पेंटिंगला जाऊ नकोस. तिथेही सबमिशन आहे, तिथेही न आवडणारे विषय आहेत, आणि तिथेही सर काही दिवस नुसतेच फिरून जातात.

पेंटिंगच्या शाखेत जाण्याचं खरं कारण वेगळं असू शकतं. तिथे मॉडेल समोर बसवून लाइफ ड्रॉइंगचे तास मिळतात, ते बाहेर सहज मिळत नाहीत. एकाच चित्रावर सलग कित्येक दिवस काम करायला जागा आणि वेळ मिळतो. आणि शेजारी अशी चार मुलं असतात ज्यांच्याशी रात्री अकरापर्यंत एका करड्या रंगावर वाद घालता येतो. या वयात ही संगत फार मोलाची आहे. माझा कौल विचारशील तर: जूनमध्ये थप्पी तयार असेल, परत जाण्याची इच्छा शाबूत असेल, नियम आणि घर दोन्ही परवानगी देत असतील, तर बदली घे, एखादं वर्ष गेलं तरी घे. परवानगी नसेल तर उपयोजित पूर्ण कर आणि पेंटिंग एक दिवसही सोडू नकोस. पुढे एम.एफ.ए.च्या, म्हणजे कलेतल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, वेळी पुन्हा विचार करता येतो. तिथे पात्रतेचे नियम विद्यापीठागणिक बदलतात, ते आधीच वाचून ठेव.

दुसरा रस्ता कमी प्रतीचा आहे असं समजू नकोस. चित्रकार प्रभाकर बरवे वीव्हर्स सर्व्हिस सेंटर या विणकरांसाठीच्या सरकारी केंद्रात अनेक वर्षं नोकरी करत होते, आधी बनारसला, मग मुंबईत. आणि त्याच काळात त्यांची चित्रं घडली. एम. एफ. हुसेन यांनी सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली. रवी परांजपे मूळचे बेळगावचे, पुढे पुण्यात राहिले. जाहिरातींसाठीची चित्रं आणि बांधायच्या इमारतींची चित्रं हे त्यांचं पोटापाण्याचं काम होतं आणि त्यांच्या पेंटिंगमधल्या रेषेवर त्या कामाचा हात फिरलेला दिसतो. नोकरी वेळ खाते हे खरंच आहे, तो वेळ सकाळी लवकर उठून मिळवावा लागतो. पण तिने कोणाचा डोळा खाल्लेला मी पाहिला नाही.

वडिलांशी बोलताना 'मला पेंटिंग आवडतं' असं म्हणून सुरुवात करू नकोस. किराणा दुकान चालवणाऱ्या माणसाला आवडीचं वावडं नसतं, पण महिन्याचा हिशेब त्याला विचारावाच लागतो. तो तू आधी कर. मी ज्या चित्रकारांना जवळून ओळखते त्यातले फार थोडे फक्त प्रदर्शनावर जगतात. बाकीचे शिकवतात, व्यक्तिचित्रांची कामं घेतात, पुस्तकांना चित्रं काढून देतात, भिंती रंगवतात, कार्यशाळा घेतात, अ‍ॅनिमेशनसाठी पार्श्वभूमी करतात. शाळेत चित्रकला शिक्षक व्हायचं तर ए.टी.डी. हा कलाशिक्षकाचा डिप्लोमा लागतो, पण नुसत्या शाळेच्या भरतीवर विसंबून राहण्याचे हे दिवस नाहीत. यातलं काय तुला जमेल ते सांग, आणि थप्पी बार्शीला घेऊन जा. तारखांसकट. एकाच ठिकाणी आठवड्यातून दोनदा, उन्हापावसात, कोणी न सांगता गेलेला मुलगा, ही गोष्ट दुकानदाराला चित्रातलं काही कळत नसलं तरी कळते. ते तरीही नाही म्हणू शकतात. त्यांना तसं म्हणण्याचा अधिकार आहे, कारण खर्च ते करत आहेत. तेव्हा चिडून परत येऊ नकोस.

ड्रॉइंग मध्यम आहे हे मला फारसं काळजीचं वाटत नाही. ते वाढतं, आणि ज्या थोड्या गोष्टी नुसत्या सरावाने खात्रीने वाढतात त्यातली ती एक आहे. स्वारगेटच्या एसटी स्टँडवर जाऊन बस. गाडीची वाट बघणारी माणसं दहा-पंधरा मिनिटं बऱ्यापैकी स्थिर असतात, आणि उठली की आपोआप पुढचं चित्र सुरू करावं लागतं. आधी वजन कुठल्या पायावर किंवा कुठल्या ढुंगणावर आहे ते शोध, चेहरा शेवटी. बॉलपेनने कर, म्हणजे खोडायचा मोह होणार नाही. आणि उशिराचं म्हणशील तर के. एच. आरा यांना कला महाविद्यालयाचं रीतसर शिक्षण नव्हतं. घरगडी म्हणून राबत, मोटारी धूत त्यांनी चित्रं काढली आणि १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट निघाला, त्याच्या संस्थापकांमध्ये ते होते. १९ हे उशिराचं वय नाही रे.

आणखी एक, मोबाइलवर चित्रं बघणं कमी कर. पडद्यावर सगळी चित्रं एकाच मापाची आणि आतून उजळलेली दिसतात. रंगाचा थर, ब्रशचा माग, कागदाचा पोत, यातलं काहीच तिथे पोचत नाही, आणि तुला शिकायचं आहे ते नेमकं तेवढंच. बालगंधर्वच्या आणि सुदर्शनच्या कलादालनात जात जा. चित्रं आवडली नाहीत तरी जवळून बघ, चित्रकार तिथेच बसलेला असतो, त्याला प्रश्न विचार. एका रविवारी औंधला जा. पुण्यातलं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं. तिथल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मांची अस्सल तैलचित्रं आहेत, चित्रकार म. वि. धुरंधर यांची चित्रं आहेत. औंध संस्थानच्या ज्या पंतप्रतिनिधींनी, म्हणजे तिथल्या राजांनी, हा संग्रह जमवला ते स्वतः चित्र काढणारे होते. रविवर्म्यांनी रंगवलेली साडीवरची जरतार जवळून पाहिलीस तर तिथे जरतार नसते, पिवळ्या-तपकिरी रंगाचे थोडे ठिपके असतात. चार पावलं मागे आलास की जरतार होते. हे कॅलेंडरवर कधीच कळत नाही.

आता जलरंग की तैलरंग. सध्या जलरंग, आणि कारण अगदी व्यवहाराचं आहे. कॉट बेसिसच्या खोलीत तुझ्याशिवाय आणखी दोघं-तिघं झोपतात. टर्पेंटाइनचा वास बंद खोलीत त्यांच्या आणि तुझ्या डोक्याला त्रास देईल, आणि ओला कॅनव्हास ठेवायला जागा लागते. जलरंगाचा सगळा संसार एका पिशवीत मावतो आणि मंडईत नेता येतो. तो सोपा आहे म्हणून मात्र घेऊ नकोस. त्यात सर्वांत उजळ जागा म्हणजे कोरा कागद, आणि ती पहिल्या वॉशपासून राखावी लागते. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये हातात दिवा घेतलेल्या तरुणीचं जे चित्र आहे, जे पुष्कळ लोक रविवर्म्याचं समजतात, ते सावळाराम हळदणकरांचं आहे आणि जलरंगात आहे. माध्यम कुठवर जाऊ शकतं याची कल्पना त्यावरून येईल. दाट, अपारदर्शक रंगाची हौस वाटली तर पोस्टर कलर आहेतच, त्याच चार रंगांत घे.

तैलरंगाला वर्ष-दीड वर्षाने, वर्गातल्या स्टुडिओत हात लाव. तेव्हा एवढं लक्षात ठेव की खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरांत क्रमाने जास्त. उलट केलंस तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर आक्रसतो आणि काही वर्षांनी चित्राला भेगा पडतात.